अर्ध्या कोयत्याची शाळा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला जो विषय दिला, त्याचे नाव बरेच लांबलचक आहे : 'स्त्रियांचे लोकशिक्षण आणि सीमापार भगिनीभाव'. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटापाशी. त्यामुळे लांब नावाचा विषय हाती आला की आधी त्याचे तुकडे करून पाहावे, ही आमची जुनी खोड. 'स्त्रिया' हा शब्द आपल्या जिल्ह्यात कोणाला लागू पडतो, 'शिक्षण' कोठे चालते, आणि 'सीमा' म्हणजे नेमकी कोणती, एवढेच आज पाहू.

पुरुषाने हा विषय घ्यावा काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. ज्या वर्गांविषयी आम्ही बोलणार आहोत, तेथे आमची जागा दाराशी असते, सतरंजी अंथरणाऱ्याची व उचलणाऱ्याची. दाराशी बसणाऱ्यालाही पुष्कळ ऐकू येते, एवढ्या अधिकारावर आम्ही बोलत आहोत.

आता दिवस उन्हाळ्याचे. कारखान्यांचे पट्टे पडले आणि टोळ्या गावी परतल्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या दोन्ही अंगांनी, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, परळी अशा तालुक्यांतून, लाखांनी मोजावीत इतकी माणसे ऊस तोडावयास बाहेर पडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगरकडे, आणि कोणी राज्याची शीव ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु ही माणसे मोजतात कशी, हे शहरात फार थोड्यांना ठाऊक असते. या धंद्यात माणसे मोजतच नाहीत, कोयते मोजतात. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामापूर्वी कोयत्यामागे उचल देतो. ती आज लाखाच्या घरात गेली आहे. ती नवऱ्याच्या हाती पडते, वहीत नवऱ्याचे नाव लागते, आणि फेडतात मात्र दोघे. पुरुष मेला, पळाला, किंवा त्याने बायको टाकली, तर उरलेल्या बाईला 'अर्धा कोयता' म्हणतात. म्हणजे पुरुष बाजूला झाला तरच बाई हिशेबात दिसावयाची, आणि तीही अर्धी!

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला व तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. धडधाकट जोडपे दिवसाला दीड ते दोन टन तोडते. दोन टन धरा. ७३२ रुपये झाले. दोघांत वाटले तर माणशी ३६६. हा हिशेब सभेत मांडला की पुरुष माना डोलावतात. बायांच्या एका वर्गात हाच हिशेब फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या रांगेतून एकीने विचारले, "आन् भाकरीचं कोणत्या खात्यात?" वर्ग हसला. पण त्या दिवशीचा खरा पाठ तेथूनच सुरू झाला.

तो पाठ असा. जमिनीवर राखेने चोवीस घरांच्या दोन ओळी आखावयाच्या, एक बाईची, एक गड्याची. ज्या तासाला ज्याचे काम चालू, त्या घरात खडा ठेवावयाचा. पहाटे तीन-चारला बाई उठते. पाणी आणणे, चूल, भाकरी, लेकराचे पाहणे. मग फड. गडी ऊस तोडतो. बाई तोडलेला ऊस गोळा करून मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. वाढे वेगळे बांधावयाचे, ते विकून मिळतील तेवढे पैसे. सायंकाळी पुन्हा पाणी आणि पुन्हा चूल. रात्री अवेळी गाडी आली की भरावयास दोघांनी उठायचे. खडे ठेवून झाले तेव्हा गड्याच्या ओळीत सात घरे रिकामी राहिली, बाईच्या ओळीत चार. कोणी भाषण केले नाही. बाया त्या दोन ओळींकडे पाहत बसल्या, आणि बाहेर उभ्या असलेल्या दोन गड्यांनीही डोकावून पाहिले. त्यातला एक म्हणाला, "खडे चुकले असतील." त्यांनी पुन्हा मोजून दाखवले.

लोकशिक्षण म्हणतात ते हेच. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी नावाचा एक शिक्षक होऊन गेला. त्याचा जन्म रेसिफे शहरी, म्हणजे उसाच्याच मुलखात. १९६३ मध्ये आंगिकोस या गावी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३०० श्रमिकांना चाळीस तासांच्या वर्गांत वाचावयास शिकविले, ते त्यांच्या रोजच्या कामातील शब्द घेऊन. पुढच्या वर्षी तेथे लष्करी राजवट आली, तिने त्याला तुरुंगात घातले, आणि नंतर त्याला देश सोडावा लागला. बाराखडीचे सरकारला एवढे भय का वाटावे? वाचावयास शिकलेला माणूस प्रथम आपली पावती वाचतो, हे त्याचे कारण.

हे ज्ञान परदेशातून आले, असे मात्र कोणी समजू नये. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८५५ मध्ये कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. शाळेत जाऊन तीनच वर्षे झालेली मुलगी आपल्या जातीच्या बाळंत बायांना डोक्यावर छप्परही नसते, हे जगाला लिहून सांगते. आणि आमच्या फडावर पालाच्या कोपीत आजही बाळंतपणे होतात, हे त्या निबंधाशेजारी ठेवून वाचावे.

आणखी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण झाले ते आपल्या आष्टीशेजारच्या नगरला, मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेत. या बाई अमेरिकेच्या. लग्न न केलेली ही स्त्री १८२७ मध्ये जहाजाने मुंबईस आली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. तिचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. सावित्रीबाईंनी तिच्याकडून शिकविण्याची विद्या घेतली आणि ती स्वतःच्या कार्याला लावली. दोन देशांतील स्त्रियांचा भगिनीभाव म्हणजे त्यांचे सर्व बाबतींत एकमत, असे पुष्कळदा सांगतात. आम्हांला ते पटत नाही. घेणाऱ्या स्त्रीने काय घ्यावे व काय ठेवून द्यावे, हे तिनेच ठरविले, म्हणून त्या देण्याघेण्याला किंमत आली.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण तर अनेकांना माहीतही नाही. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवँ या दोघांनी खेड्यापाड्यांतील बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात बायांनी गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या पुष्कळ आहेत. ज्या बायांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापाशी इतिहास होता, राजकारण होते, सासर-माहेराचे समाजशास्त्र होते. जाते गेले, गिरणी आली, आणि त्या ओव्या लोपल्या असत्या. आज त्या कोणालाही ऐकावयास मिळतात. शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हे या कामात ठरवू गेल्यास गोंधळ उडतो, आणि तो उडावाच.

आता दुखऱ्या जागेकडे येऊ. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, आणि ते कशासाठी झाले हे येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोडणीला जाणाऱ्या बाया ऐन तिशीत गर्भाशय काढून घेतात. त्यांच्या भाषेत 'पिशवी काढतात'. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शेकडा जवळजवळ सतरा. त्या काळच्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते.

पुण्या-मुंबईची मंडळी तेव्हा विचारीत, "बाया इतक्या अडाणी कशा?" आम्ही म्हणतो, त्यांनी हिशेब केला होता. फडावर न्हाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत धुवावयास पाणी नाही. त्यातून अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते. एक दिवस घरी राहिले तर खाडा. खाड्याचे पाचशे-हजार रुपये उचलीत चढतात. गावी दवाखान्यात गेले की 'कॅन्सर होईल' असे भय घालावयास कोणीतरी असतेच. मग कर्ज काढून एकदाचे ऑपरेशन करावयाचे, आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच फडावर, आता कंबर धरून. हिशेब बरोबर होता. त्यातल्या रकमा दुसऱ्यांनी भरलेल्या होत्या.

हे उजेडात आले ते केवळ समितीमुळे नव्हे. बीडच्या मनीषा तोकले, त्यांच्या महिला ऊसतोड कामगार संघटनेच्या बाया, आणि महिला किसान अधिकार मंचाच्या कार्यकर्त्या यांनी हा प्रश्न लावून धरला होता. एकेकटी बाई स्वतःची पिशवी गेली हे नशीब समजत होती. वर्गात बसल्यावर तिने शेजारणीला विचारले, शेजारणीने तिसरीला. जमिनीवर खडूने बाईच्या देहाची आकृती काढून कोठे काय असते हे एकमेकींना दाखविण्याचा पाठ असतो. त्या पाठाला प्रथम लाजेने पदर तोंडावर जातात, आणि अर्ध्या तासाने इतके प्रश्न येतात की शिकविणारी नर्स घड्याळ पाहणे सोडून देते. अंडाशय ठेवले की तेही काढले? कागद कोठे आहे? दुसऱ्या डॉक्टरांना दाखविले काय? २०१९ नंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांनी असे ऑपरेशन करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम झाला. तो नियम आहे, हे बाईला माहीत असेल तरच त्याचा उपयोग.

आता सीमेपलीकडे जाऊ. १९१० मध्ये कोपनहेगन येथे समाजवादी स्त्रियांची परिषद भरली आणि क्लारा झेटकिन व त्यांच्या सहकारिणींच्या ठरावातून महिला दिन निघाला. तो कामकरी बायांचा दिवस होता. आपल्या शहरात ८ मार्चला सभागृहे भरतात, साड्या वाटल्या जातात. आणि त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातील पुष्कळशा कामकरी बाया अजून फडातच असतात. दिवस कोणाचा आणि सभागृहात कोण, हे आयोजकांनी एकदा पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

कमला भसीन यांचे नाव आपण ऐकले असेल. आज पाकिस्तानात असलेल्या एका गावी त्या १९४६ मध्ये जन्मल्या. १९९८ मध्ये त्यांनी 'संगत' नावाचे दक्षिण आशियाई स्त्रियांचे जाळे उभारले. त्याच्या शिबिरांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका येथील गावपातळीवरच्या कार्यकर्त्या आठवडेच्या आठवडे एकत्र राहत. आझादीची जी घोषणा आज आपल्याकडच्या मोर्चांत ऐकू येते, ती झिया उल हक यांच्या राजवटीशी झुंजणाऱ्या पाकिस्तानी बायांकडून आपण शिकलो, असे त्या सांगत. ज्या दोन देशांची सरकारे एकमेकांशी धड बोलत नव्हती, त्यांच्या बाया एकमेकींच्या घोषणा उचलून घेत होत्या. २०२१ मध्ये कमलाताई वारल्या.

परिषदांवर आमचा सरसकट भरवसा नाही, हेही सांगून टाकतो. एक बाई विमानाने जाते, छायाचित्र येते, अहवाल इंग्रजीत निघतो, आणि गावातल्या चौघींना ती कोठे गेली होती हेही कळत नाही. असले भगिनीभाव आम्ही कपाटात पुष्कळ साठविले आहेत. पण दोन उदाहरणे अशी आहेत की ती आम्ही प्रत्येक वर्गात सांगावयास लावतो.

पहिले तामिळनाडूतले. दिंडिगल जिल्ह्यात परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यातील एका तरुण दलित कामगार मुलीचा जानेवारी २०२१ मध्ये तिच्या वरिष्ठाने खून केला. तेथे दलित बायांनी चालविलेली एक कामगार संघटना होती. तिने आशियातील व अमेरिकेतील संघटनांना बरोबर घेतले. एप्रिल २०२२ मध्ये मालक कंपनी आणि एच अँड एम हा माल घेणारा मोठा व्यापारी यांना बंधनकारक करार करावा लागला. त्यातले आम्हांला आवडलेले कलम असे की दर पंचवीस कामगारांमागे एक कामगारच देखरेखीसाठी शिकवून तयार करावयाचा. बाहेरचा निरीक्षक वर्षातून एकदा येतो व चहा पिऊन जातो; शेजारच्या यंत्रावरची बाई रोज असते.

दुसरे अमेरिकेतल्या फ्लॉरिडाचे. तेथे इमोकली नावाच्या गावी मेक्सिको, ग्वातेमाला, हैती येथून आलेले मजूर टोमॅटो तोडतात. त्यांच्या भाषा वेगळ्या, कित्येकांना अक्षर नाही. १९९३ पासून त्यांची संघटना उभी राहिली ती चित्रे आणि नाटुकली यांच्या साहाय्याने. त्यांनी चित्र काढले : टोमॅटो कोणाच्या हातून कोणाच्या ताटात जातो. त्या चित्रात शेतमालकाच्या मागे मोठमोठी उपाहारगृहे दिसली. त्यांतल्या एका कंपनीवर चार वर्षे बहिष्कार चालला, आणि २००५ मध्ये तिने पौंडामागे एक सेंट जादा देण्याचे कबूल केले. पुढे झालेल्या करारांत शेतावर बाईची छेड काढणाऱ्याला जो मालक पाठीशी घालील, त्याचा माल हे ग्राहक घेणार नाहीत, असे आले. टोमॅटो घेऊच नका, असे त्या मजुरांनी म्हटले नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

कारण नेमका हाच प्रश्न आता आपल्या दारात आहे. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने महाराष्ट्राच्या उसाविषयी मोठा वृत्तांत छापला. आपल्या बायांची उचल, मुलींची कोवळ्या वयातली लग्ने, पिशव्या, हे सर्व त्यात आले, आणि महाराष्ट्रातील कारखान्यांची साखर कोकाकोला व पेप्सी यांसारख्या कंपन्यांकडे जाते हेही आले. तो वाचून परदेशात काही सज्जनांना वाटले असेल की ही साखर नको. उद्या खरोखर ग्राहकांनी पाठ फिरविली तर काय होईल? उचल फिटणार नाही. मुकादम ती पुढच्या वर्षावर टाकील. हार्वेस्टर यंत्रे तर आधीच फडात शिरली आहेत. म्हणून दूरच्या भगिनींना आमचे सांगणे असे की, काय मागावे हे वर्गात बसलेल्या बायांना विचारा. त्यांची यादी लांब नाही. मजुरी दोघांच्या नावे वेगवेगळी. फडाजवळ पाणी व संडास. आजारपणाला व पाळीला खाडा नाही. लेकरांसाठी शाळा. चार ओळींची यादी. ती आम्ही इंग्रजीत करून घेतली आहे, परंतु ती ठरली ती मराठीत, आणि काही ठिकाणी बंजारा बोलीत.

सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढले आहे. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावयाचे आणि तेवढेच सरकारने घालावयाचे, अशी योजना. ग्रामसेवकाने नोंद करून ओळखपत्र द्यावयाचे. नोंदीच्या वेळी बायांनी आपले नाव स्वतंत्र लावून घ्यावे, 'अमक्याची बायको' म्हणून नव्हे, यासाठी गेले काही उन्हाळे वर्गांतून मुली गावोगाव हिंडत आहेत. या कामाला भाषणापेक्षा झेरॉक्स जास्त लागते.

पण महाराष्ट्राचा हा टनामागचा पैसा कर्नाटकातल्या कारखान्याकडून घेता येत नाही. तेथे गेलेली बाई आपल्या कायद्याच्याही पलीकडे जाते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात एक चांगले कलम होते : ठेकेदाराने प्रत्येक कामगाराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, आणि ते त्याच्या स्वतःच्या भाषेतही असावे. चाळीसहून अधिक वर्षांत आम्ही फिरलो त्या टोळ्यांत तसे एकही पासबुक आमच्या पाहण्यात आले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या संहितेत मिळाला. बाईच्या हाती जी पडते ती वजनाची पावती. तिच्यावर कन्नड अक्षर, आणि ती मराठीही नुकतीच वाचावयास शिकलेली.

तेव्हा आम्हांला सीमापार भगिनीभावाची पहिली शाळा निपाणीच्या अलीकडे-पलीकडे काढावयाची आहे. पावतीवरचे शब्द दोन्ही लिप्यांत छापलेला एक कागद करावयाचा आहे : वजन, वजावट, तारीख, गाडी क्रमांक, असे पंचवीस-तीस शब्द. तिकडच्या तोडणी कामगार बायांना मराठी अक्षरे, इकडच्यांना कन्नड. दसऱ्यापूर्वी तो तयार झाला पाहिजे, कारण त्यानंतर टोळ्या निघतात. या श्रोतृवृंदात कोणी कन्नड लिहू-वाचू शकणारे असतील, विशेषतः माहेर तिकडचे असलेल्या भगिनी, तर त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला व्यासपीठाच्या डाव्या बाजूला भेटावे. पावत्यांचे नमुने आम्ही बरोबर आणले आहेत.